चढावर गुदमरणारी डिझेल पिकअप: दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २०१८ ची. बीएस ४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमातली), चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, दुसऱ्या हातातून घेतलेली. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या पुढे गेलं होतं, तेव्हाच्या पैशातून ही घेतली. काम ठरलेलं: ओतूरच्या आसपासचे टोमॅटो नारायणगावला, मधूनमधून भाजी घेऊन माळशेज घाटाने कल्याण, आणि येताना मिळेल ते भाडं.

आजार एकच. माल भरून चढ लागला की गाडी झटके देते, ओढ जाते, चेक लाईट पेटते आणि इंजिन बंद पडतं. सपाटीला काही नाही. गॅरेजच्या दारात तर कधीच काही नाही. अशी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून काय केलं, किती पैसे गेले आणि कशाने फरक पडला नाही, ते सगळं लिहून ठेवतोय.

९ जून २०२४

कल्याणहून शेडसाठी पत्रे आणि लोखंडी अँगल भरून निघालो. टोकावडे, मोरोशीपर्यंत गाडी उत्तम. घाट सुरू झाल्यावर तिसऱ्या गिअरला पहिला झटका. दुसरा टाकला, पाय पूर्ण दाबला, तरी इंजिन उचलेना. आणखी दोन वळणं कशीबशी चढली आणि बंद पडली. धुकं दाट, मागून एसटी आणि मालाचे ट्रक. चाकाला दगड लावला, कापडाचा लाल तुकडा मागे बांधला.

सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण धरत नाही. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर सुरुवातीला अगदी पोकळ लागला. दाबत राहिलो तसा कडक झाला. मग गाडी सुरू झाली आणि घाटाच्या वरच्या मढपर्यंत आली.

पोकळ हातपंप ही खूण महत्त्वाची आहे. लाईनमध्ये डिझेलच्या जागी हवा आहे असा त्याचा अर्थ.

११ जून

गावातल्या मिस्त्रीकाकांकडे. फिल्टरखालचा पाण्याचा नट सैल केला. आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग डिझेल. जुना फिल्टर काळाकुट्ट. नवा फिल्टर ८५०, मजुरी २००. लाईनमधली हवा काढली. येताना पंपावर टाकी फुल केली.

दुसऱ्या दिवशी साठ कॅरेट भरून गणेश खिंड चढवली. काही त्रास नाही. फिल्टरच होता असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

१९ जून

पुन्हा तेच, पुन्हा माळशेज. यावेळी बोगद्याच्या अलीकडे. रिकामी कॅरेट आणि खताच्या थोड्या गोण्या एवढाच माल होता. म्हणजे फार ओझं नसतानाही होतं. हातपंप पोकळ. वीसेक मिनिटं थांबून, पंप मारून निघालो.

२२ जून

तालुक्याच्या गावात स्कॅनरवाल्याकडे. कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब पाहिजे त्यापेक्षा कमी. या गाड्यांत पंप डिझेल दाबून एका जाड नळीत साठवतो, तिला रेल म्हणतात. तिथून, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या चारही नोझलला डिझेल जातं. जोर लावताना हा दाब हजार बारच्या वर लागतो. तो पडला की कॉम्प्युटर इंजिन बंद करतो.

स्कॅनरवाला म्हणाला, "दादा, आधी सेन्सर बदलून बघू." रेलचा दाब मोजणारा सेन्सर ३,४००, स्कॅनिंग ५००. गाडी उभी असताना आकडे व्यवस्थित होते, म्हणून तो समाधानी. मी विचारलं, उभ्या गाडीत आधीही व्यवस्थितच होते ना? त्यावर उत्तर नव्हतं.

हे ठळक लिहून ठेवतो: पी ००८७ हा कोड फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे ते सांगत नाही. फिल्टर चोंदलेला, लाईनमध्ये हवा, पंप झिजलेला, नोझल मागे डिझेल सोडतंय, सेन्सर खोटं बोलतोय, या सगळ्यांना तोच कोड येतो. कोड वाचून थेट पार्ट बदलणारा माणूस आपल्या पैशावर अंदाज बांधत असतो.

२६ जून

सेन्सर नवा असूनही खेडच्या बाजूला चढावर झटके. बंद पडली नाही, पण पडायच्या बेतात होती.

पंप-नोझलच्या दुकानात गेलो. गाडी न तपासता सांगितलं, "पंप गेलाय, नोझलपण काढावी लागतील." पंप दुरुस्तीला २८,०००, चार नोझल धरून ५५ हजारांच्या वर. वर आठ दिवस गाडी दुकानात. हंगामाच्या तोंडावर आठ दिवस गाडी नाही म्हणजे दुसऱ्याची पिकअप भाड्याने. मी घरी परत आलो. एवढे पैसे घालायचे तर पंप गेलाय हे आधी डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

३० जून: नोझलची तपासणी

ही तपासणी घरी होते आणि खर्च जवळपास काहीच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक नोझल थोडं डिझेल वापरत नाही, मागे परत पाठवतं. नोझल झिजलं की मागे जाणारं डिझेल वाढतं आणि रेलचा दाब टिकत नाही. चारही नोझलचं परतीचं डिझेल वेगवेगळं गोळा करून मोजायचं, बस.

मेडिकलमधून सलाईनचे चार सेट आणले, एकूण १२० रुपये. नोझलवरच्या परतीच्या बारीक नळ्या क्लिप सोडवून काढल्या. त्या जागी सलाईनची नळी चढवली आणि दुसरं टोक एकसारख्या बाटल्यांत सोडलं. मूळ परतीच्या लाईनचं तोंड बोल्ट घालून बंद केलं. इंजिन सुरू करून पाच मिनिटं नुसतं चालू ठेवलं. मग जनावरांना औषध पाजायच्या सिरिंजने प्रत्येक बाटलीतलं डिझेल मोजलं: २२, २४, २१ आणि २५ मिली.

चारही जवळपास सारखे. एखादं नोझल गेलेलं असतं तर त्याची बाटली इतरांच्या दुपटी-तिपटीने भरली असती. नोझल चांगली आहेत. १२० रुपयांत पुढचे सत्तावीस हजार तरी वाचले.

दोन गोष्टी जपा. सलाईनची नळी डिझेलने कडक होते, ती फक्त तपासणीपुरती; तशीच ठेवून गाडी रस्त्यावर नेऊ नका. आणि हात फक्त परतीच्या रबरी नळ्यांना लावायचा. रेलपासून नोझलला जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचा नट इंजिन चालू असताना कधीही सैल करायचा नाही. तिथल्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक चिळकांडी कातडीत घुसते, आणि वरून टाचणी टोचल्याएवढीच जखम दिसली तरी आत हात निकामी करते. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

३ जुलै

टाकीकडून फिल्टरला येणारी रबरी नळी काढून तिथे फवारणी पंपाची पारदर्शक नळी क्लिप लावून बसवली. इंजिन चालू करून बॅटरीच्या उजेडात बघत बसलो. थोड्या वेळाने बारीक बुडबुडे. साबुदाण्याएवढे, एकामागून एक, नळीच्या वरच्या बाजूला चिकटून पुढे सरकणारे.

हवा फिल्टरच्या आधीच येते आहे. म्हणजे पंप, नोझल, सेन्सर, फिल्टर, कुणाचाच दोष नाही. टाकीपासून फिल्टरपर्यंत कुठेतरी हवा ओढली जातेय. ही बाजू नुसत्या ओढीवर चालते, त्यामुळे तिथे भोक असलं तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग पडत नाही म्हणून कुणी तिकडे बघतच नाही.

जोडांवरची तांब्याची वायसर नवी टाकली, चपटी झालेली होती. रबरी नळी क्लिपजवळ तडकलेली, ती बदलली. सगळं मिळून ४६०. पंपावर जाऊन टाकी भरली, घरी येऊन पाहिलं. एकही बुडबुडा नाही.

८ जुलै: वेगळाच बिघाड

पहाटे चारला पंचावन्न कॅरेट भरून गाडी उभी, किल्ली फिरवली तर सेल्फ कण्हतोय. हेडलाईट विझल्यासारखे. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरने ओढून चालू केली. बाजारात उशिरा पोहोचलो तोपर्यंत मोठे व्यापारी खरेदी करून गेले होते. कॅरेटमागे ८० रुपये कमी मिळाले. बिघाडाचा खर्च गॅरेजच्या बिलात दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, तो असा.

बॅटरी बदला असं तीन जणांनी सांगितलं. आधी मीटर लावला. उभ्या गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे ठीक. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला धरून मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. १.८ व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. म्हणजे अर्थिंगच्या वायरमध्येच करंट अडतोय. चासीवरची पट्टी काढली तर लगच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) आत हिरवट पांढरी भुकटी, तारा कुजलेल्या. वेल्डिंगच्या केबलचा तुकडा, दोन नवे लग, खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत करून बसवलं, वर ग्रीस. खर्च ३८०. सेल्फ नव्यासारखा. नव्या बॅटरीचे सहा-सात हजार वाचले.

१४ जुलै

घाटात पुन्हा बंद. हातपंप पुन्हा पोकळ.

आज रात्री फार वाईट वाटलं. कर्ज काढून घेतलेली गाडी नाही ही, चार महिने उन्हात उभं राहून कमावलेली आहे. विकून टाक म्हणणारे भेटतात. पण हा आजार लपवून विकली तर उद्या दुसरा कुणी त्याच वळणावर पोराबाळांसकट अडकणार. ते होणार नाही.

१६ जुलै

घरचा हिशोब बायको लिहिते. भाडं, डिझेल, हमाली, तोलाई, सगळं वहीत. बेरीज करताना म्हणाली, "अहो, हल्ली हे पाचशे-पाचशेचं डिझेल कशाला टाकता? आधी टाकी भरून घ्यायचात."

कारण साधं होतं. दुरुस्तीत पैसे गेले, डिझेल नव्वद रुपयांच्या घरात, मग लागेल तेवढंच टाकत होतो. पण मी तिच्या वहीतल्या तारखा या नोंदींशेजारी ठेवल्या आणि सगळं समोर आलं. फिल्टर बदलला त्या दिवशी टाकी फुल. वायसर बदलली त्या दिवशी टाकी फुल. दोन्ही वेळा पुढचे काही दिवस गाडी बरी. आणि जेव्हा जेव्हा बंद पडली तेव्हा काटा पावभाग किंवा त्याच्या खाली. दुरुस्तीने पैसे संपत होते, पैसे नाहीत म्हणून टाकी रिकामी राहत होती, आणि टाकी रिकामी म्हणून गाडी अजून जास्त बंद पडत होती.

भरलेल्या टाकीत न येणारी हवा रिकाम्या टाकीत येते, म्हणजे भोक टाकीच्या आतच असणार.

१७ जुलै: डब्यावर गाडी

खात्री करायला टाकीच बाजूला केली. पाच लिटरचा स्वच्छ डबा हौद्यात पुढच्या फळीला दोरीने घट्ट बांधला. फिल्टरला येणारी नळी त्यात, परतीची नळीही त्यातच. डबा केबिनमध्ये ठेवू नका. परतीचं डिझेल गरम येतं. मग हौद्यात वाळूच्या गोण्या टाकून गणेश खिंड चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. मुद्दाम दुसऱ्या गिअरला पाय दाबून. एक झटका नाही, पारदर्शक नळीत बुडबुडा नाही. नळ्या परत टाकीला जोडल्या, काटा पावभागाला, तोच चढ. अर्ध्यात झटके सुरू.

२० जुलै: टाकी उतरवली

पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले, आदल्या रात्री तेल मारून ठेवले होते तरी एक तुटलाच. डिझेल काढून घेतलं, टाकी खाली घेतली, फ्लोटचं युनिट बाहेर काढलं.

या युनिटवर काट्याचा फ्लोट असतो आणि शेजारी डिझेल ओढणारी लोखंडी नळी, टाकीच्या तळापर्यंत जाणारी. नळी वरून ठीक दिसत होती. ब्रशने घासल्यावर तळापासून चार बोटं वर, पट्टीला झाळलेल्या जागी, गंजाची तपकिरी रेघ उमटली. खालचं तोंड बोटाने बंद करून नळी पाण्याच्या बादलीत धरली आणि वरून फुंकलं. त्या रेघेतून बुडबुड्यांची माळ निघाली. भेग नखाएवढी लांब, केसाएवढी बारीक.

फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसा हा प्रकार. डिझेल भेगेच्या वर असेपर्यंत भेगेतूनही डिझेलच येतं. खाली गेलं की हवा. आमच्या गाडीत युनिट टाकीच्या पुढच्या अंगाला आहे. चढ लागला की डिझेल मागे सरकतं आणि भेग उघडी पडते. त्यात माल भरलेला, पाय दाबलेला, पंप जोरात ओढतोय. सपाटीला आणि गॅरेजच्या दारात यातलं काहीच होत नाही.

टाकीच्या तळाला काळा चिकट गाळ होता. पाणी साचलं की डिझेल आणि पाण्याच्या मधल्या थरात जंतू वाढतात, तो हा गाळ. डिझेल घालून टाकी हलवून हलवून धुतली, कापडाने पुसली, उन्हात वाळवली. पावसाळ्यात ऊन मिळेपर्यंत दोन दिवस गेले.

मिस्त्रीकाका म्हणाले, नळी झाळून देतो. युनिट बाहेर काढून, धुऊन, सुकवून झाळता येते, पण गंजलेला पत्रा किती दिवस धरेल सांगता येत नाही. नवं युनिट पुण्याहून मागवलं, २,९५०. यायला वेळ लागला, तोवर भावकीतल्या एकाची गाडी भाड्याने वापरली, ती ६,००० ला पडली. टाकीला मात्र कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, वेल्डिंगची ठिणगी लावू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेटते.

२७ जुलै

नवं युनिट, नवं रबरी पॅकिंग, नवा फिल्टर. जुना फिल्टर आरीने कापून कागदाच्या घड्या उन्हात उघडून पाहिल्या. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, त्यामुळे हवेवर चालून तो झिजला असता तर त्याच्या धातूचा चुरा पुढच्या वाटेने नोझलकडे आणि परतीच्या लाईनने टाकीत येतो, तिथून फिल्टरला. घड्यांत चमकणारा कीस दिसला नाही. टाकीच्या गाळातही नव्हता. पंपाला आता तरी हात लावायची गरज नाही.

४ ऑगस्ट

काटा मुद्दाम पावभागाच्या खाली ठेवून कल्याणहून निघालो. हौद्यात सिमेंट आणि पाईप. मोरोशी सोडलं, धुकं तसंच, पाऊस वरून कोसळणारा. पारदर्शक नळी कधीच काढून नवी रबरी टाकली होती, त्यामुळे बघायला काही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. दुसऱ्या गिअरला इंजिन एका सुरात चढलं. बोगदा ओलांडून वर आलो आणि पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसेपर्यंत गाडी थांबवली नाही. चेक लाईट नाही. घरी फोन केला.

१८ ऑगस्ट

दोन आठवडे काटा खाली ठेवूनच चालवली, भरलेली आणि रिकामी. कोड परत आला नाही.

कामी आलेला खर्च: युनिट आणि पॅकिंग, वायसर-नळी, सलाईन, अर्थिंगची केबल, शेवटचा फिल्टर, मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आत. फुकट गेलेला: सेन्सर आणि स्कॅनिंगचे ३,९००. सगळ्यात मोठा फटका कमी मिळालेला भाव आणि भाड्याची गाडी.

ज्यांची गाडी अशीच करते त्यांना एक विनंती. बंद पडेल तेव्हा काट्यावर डिझेल किती, चढ की सपाट, माल किती, हातपंप पोकळ की कडक, एवढं जागेवरच लिहा. मिस्त्रीला बिघाड दाखवता येत नसला तरी ते पान दाखवता येतं. मग पारदर्शक नळी आणि डबा. पंप उतरवायची वेळ त्याच्यानंतर.

राहिलेलं काम: जोर लावल्यावर काळा धूर अजून आहे. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी नळीवर खालून तेलाचा ओला डाग दिसतोय आणि हात फिरवला की चीर लागते. नळी १,१०० सांगितली आहे, गुरुवारी येईल. ती बसल्यावरही धूर राहिला तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून काजळी साफ करणार.